यान्ने अहोनेन: तीनदा चौथा आलेला माणूस आणि परत येण्याचा निर्णय

केस स्टडीत साधारणपणे माणसाचं नाव लपवतात, पण इथे ते शक्यच नाही. सात ऑलिंपिक आणि फोर हिल्स टूर्नामेंटची पाच विजेतेपदं एवढं लिहिलं की स्की जंपिंग, म्हणजे बर्फाच्या उतारावरून स्कीवर निघून लांब उडी मारण्याचा खेळ, बघणारा कुणीही नाव सांगेल. म्हणून नाव सरळ लिहितोय, फिनलंडचा स्की जंपर यान्ने अहोनेन. त्याच्या घरचे, कोच, डॉक्टर हे सगळे मात्र बाहेरच ठेवलेत. त्याच्या मनात काय चाललं होतं हे मी सांगणार नाहीये, तो माझा अधिकारच नाही. जे निर्णय सगळ्यांसमोर झाले आणि त्यांचं पुढे जे झालं तेवढ्यावर बोलायचंय. मुद्दा एकच आहे: करिअरच्या ऐन शिखरावर निवृत्ती घेऊन मग एका हुकलेल्या मेडलसाठी परत येणं, हे बरोबर होतं का?

पार्श्वभूमी

लाहती हे हेलसिंकीपासून साधारण शंभर किलोमीटरवरचं गाव, ट्रेनने तासाभरात पोचतो. तिथे सालपाउसेल्का नावाच्या डोंगररांगेवर शेजारीशेजारी तीन जंप, म्हणजे उडीसाठी बांधलेले उतार, उभे आहेत, लहान, मधला आणि मोठा, आणि गावात कुठूनही मान वर केली की ते दिसतात. उन्हाळ्यात मोठ्या जंपच्या पायथ्याशी स्विमिंग पूल असतो, म्हणजे हिवाळ्यात जिथे जगातले सगळ्यात भारी जंपर उतरून ब्रेक मारतात तिथेच जुलैत पोरं पाण्यात डुंबत असतात आणि त्यांच्या डोक्यावर तो भलामोठा उतार असतो. अशा गावात वाढलेल्या पोराला हा खेळ काही वेगळा शोधावा लागत नाही. फिनिश भाषेत या खेळाला म्याकिह्युप्पू म्हणतात, म्याकी म्हणजे टेकडी आणि ह्युप्पू म्हणजे उडी, इतकं साधं.

यान्ने अहोनेन याच गावचा, जन्म ११ मे १९७७. त्याच्याहून दोन वर्षांनी मोठा टोनी निएमिनेन पण लाहतीचाच, ज्याने १९९२ मध्ये आल्बर्तव्हिलला वयाच्या १६ व्या वर्षी ऑलिंपिक गोल्ड मारलं होतं. त्यामुळे अहोनेन १५ व्या वर्षी वर्ल्ड कपमध्ये, म्हणजे हिवाळाभर चालणाऱ्या स्पर्धांच्या मालिकेत, उतरला आणि १६ व्या वर्षी, डिसेंबर १९९३ मध्ये, एंगेलबर्गला त्यातली पहिली स्पर्धा जिंकला तेव्हा फिनलंडला ते काही आक्रीत वाटलं नसणार. मात्र निएमिनेनचं सगळं एका सीझनमध्ये भरभरून आलं आणि मग ओसरत गेलं, अहोनेनचं उलटं झालं, तो टिकला. १९९७ ला ट्रॉन्डहाइममध्ये नॉर्मल हिलचा (लहान उतार) वर्ल्ड चॅम्पियन, २००५ ला ओबर्स्टडॉर्फमध्ये लार्ज हिलचा (मोठा उतार), वर्ल्ड कपचं ओव्हरऑल टायटल सलग दोनदा, २००३-०४ आणि २००४-०५. त्यातल्या दुसऱ्या सीझनमध्ये तर एकट्याने १२ स्पर्धा जिंकल्या, त्यात सलग सहा. आणि फोर हिल्स, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत जर्मनी आणि ऑस्ट्रियात चार हिलवर होणारी ती टूर्नामेंट, ती पाच वेळा: १९९८-९९, २००२-०३, २००४-०५, २००५-०६ (ही चेक जंपर याकुब यांदाबरोबर बरोबरीत) आणि २००७-०८. पाच वेळा ती त्याच्याआधी कुणीच जिंकली नव्हती, आधीचा रेकॉर्ड जर्मनीच्या येन्स वाइसफ्लोगचा चारचा होता.

चेहऱ्यावर काहीही दिसायचं नाही, जिंकला तरी तोच चेहरा आणि हरला तरी तोच. लोक त्याला 'मास्क' म्हणायचे.

नेमका प्रश्न काय होता

हे सगळं असूनही एक जागा रिकामी राहिली, ऑलिंपिकचं वैयक्तिक मेडल. सोनं वगैरे सोडाच, ब्राँझही नाही.

ते कसं हुकलं हे कळायला गुण कसे देतात ते माहीत पाहिजे, त्याशिवाय 'चौथा आला' या शब्दांचं वजन लक्षातच येत नाही. हिलवर एक रेघ असते, के-पॉइंट. तिथे उतरलात की ६० गुण. नॉर्मल हिलवर पुढे जाल तितके मीटरला दोन गुण मिळतात आणि मागे पडाल तितके जातात. अंतर अर्ध्या मीटरच्या हिशेबाने मोजतात. शिवाय पाच जज स्टाइलचे वीसपैकी गुण देतात, सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी काढून टाकतात आणि मधल्या तिघांची बेरीज धरतात. अशा दोन उड्या. म्हणजे नॉर्मल हिलवर एक गुण म्हणजे अर्धा मीटर. ताशी नव्वदच्या आसपास वेगाने टेक-ऑफवरून निघून जवळजवळ शंभर मीटर हवेत गेलेल्या माणसाचा अर्धा मीटर.

आता बघा. १९९८ नागानो, नॉर्मल हिल: गोल्ड फिनलंडच्याच यानी सोइनिनेनला, अहोनेन चौथा, ब्राँझपासून एक गुण लांब. २००२ सॉल्ट लेक, परत नॉर्मल हिल: परत चौथा, ब्राँझ अदाम माविशला, फरक दीड गुण. त्या काळात ऑलिंपिकमध्ये वाऱ्याचे गुण वजा-अधिक करायची पद्धतही नव्हती, तुमच्या वेळी मागून झुळूक आली तर आली.

त्याच सॉल्ट लेकमध्ये टीम इव्हेंट झाला. जर्मनी ९७४.१, फिनलंड ९७४.०. चार जंपर, प्रत्येकी दोन, अशा आठ उड्या आणि शेवटी फरक दशांश एक. लार्ज हिलवर मीटरला १.८ गुण असतात, म्हणजे टेपने मोजता येणारा सगळ्यात छोटा फरक ०.९ चा. हा ०.१ अंतरातही दाखवता येत नाही आणि कुठल्या एका जजच्या अर्ध्या गुणातही नाही, तो फक्त बेरजेत निघतो. मी ही आकडेमोड पहिल्यांदा कागदावर करून पाहिली तेव्हा बराच वेळ तो कागद तसाच समोर होता. फिनलंडच्या चारही जणांना सिल्व्हर मिळालं आणि ते मोठंच आहे, पण ते कशाने हुकलं हे शब्दात सांगताच येत नाही.

२००६ तोरिनो: टीमचं पुन्हा सिल्व्हर, या वेळी ऑस्ट्रियाच्या मागे. नॉर्मल हिलचं सिल्व्हर त्याच्याच टीममधल्या मात्ती हाउतामाकीला. अहोनेनला वैयक्तिक काही नाही.

मग जानेवारी २००८ मध्ये पाचवं फोर हिल्स. इन्सब्रुकची स्पर्धा वाऱ्यामुळे होऊ शकली नाही आणि बिशॉफ्सहोफेनला दोन झाल्या, तिथे त्याने टूर्नामेंट खिशात घातली. आणि त्याच वर्षी निवृत्ती. वय ३१. पुढचं ऑलिंपिक दोन वर्षांवर.

शरीराचा हिशेब

पर्यायांकडे जायच्या आधी एक उडी सांगतो, कारण या माणसाचं शरीर कशातून गेलं होतं ते त्यात दिसतं. २० मार्च २००५, स्लोव्हेनियातलं प्लानित्सा, स्की फ्लाइंगची, म्हणजे सगळ्यात लांब उड्यांची हिल. त्या दिवशी रेकॉर्डवर रेकॉर्ड पडत होते आणि नॉर्वेच्या ब्यॉर्न आयनार रोमोरेनने २३९ मीटर मारली होती. मग अहोनेन निघाला आणि खाली येईचना. हिलची रचना अशी असते की उताराशी तुमच्या उडीचा कोन जुळतो, म्हणून एवढ्या उंचीवरून येऊनही पायाला मार कमी बसतो. पण एका मर्यादेनंतर उतार सपाट व्हायला लागतो आणि तिथे उतरणं म्हणजे सरळ जमिनीवर पडणं. त्या हिलची मर्यादा २१५ मीटर होती. तो २४० ला उतरला. पाय टेकले, शरीर दबलं आणि तो आपटला. पडल्यामुळे रेकॉर्ड धरला नाही, रोमोरेनचे २३९ च राहिले आणि पुढे सहा वर्षं टिकले. जगात त्या दिवसापर्यंत सगळ्यात लांब गेलेला माणूस आणि कागदावर काही नाही. हेही एक प्रकारे चौथं येणंच झालं.

पर्याय काय होते

२००८ नंतर बाहेरून बघणाऱ्याला तीन रस्ते दिसतात.

पहिला म्हणजे थांबलाय तर थांबायचं. वर्ल्ड कपचे ३६ विजय आहेत, घर आहे, ड्रॅग रेसिंगच्या गाड्यांचा नाद आहे आणि तो नुसता नाद नव्हता, तो खरंच रेसमध्ये उतरायचा. शिखरावरून उतरलेल्या माणसाला कुणी बोट दाखवत नाही.

दुसरा रस्ता थांबून दुसऱ्या भूमिकेत जाण्याचा, नव्या पोरांबरोबर काम करायचं. फिनलंडला तेव्हा त्याची गरज पडणारच होती, कारण अहोनेन-हाउतामाकीच्या पिढीमागून येणारी रांग बारीक होत चालली होती.

तिसरा, परत यायचं, व्हँकुव्हर २०१० डोळ्यासमोर ठेवून.

खरं तर चौथा रस्ताही होता, तो २००८ लाच होता आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणाची गाठ तिथेच आहे. निवृत्ती जाहीर न करता एक सीझन सुट्टी घ्यायची. 'मी या वर्षी स्पर्धा करणार नाही, पुढचं पुढे बघू' एवढंच. ट्रेनिंग हलकं चालू ठेवायचं, इक्विपमेंटमध्ये काय बदलतंय त्यावर लक्ष ठेवायचं. या खेळात वर्षभर बाहेर राहणं म्हणजे नुसतं फॉर्म जाणं नसतं, स्की, सूट, बाइंडिंग (बूट स्कीला जोडणारा भाग), वजनाचे नियम, दरवर्षी काही ना काही हलतं. व्हँकुव्हरलाच बघा, स्वित्झर्लंडचा सिमॉन अमान वाकड्या रॉडचं नवं बाइंडिंग घेऊन आला, ऑस्ट्रियावाल्यांनी त्यावर आरडाओरडा केला आणि तो दोन्ही गोल्ड घेऊन गेला. जो आत असतो त्याला हे बदल येताना दिसतात, बाहेरच्याला ते आल्यावर कळतात.

काय केलं

२००९ मध्ये त्याने परत येतोय म्हणून जाहीर केलं. टीका झाली नसेल असं नाही, निरोप समारंभ झालेला माणूस परत दारात उभा राहिला की लोक बोलतातच. पण त्या सीझनची सुरुवात बघितली तर टीकेला जागा राहत नाही. २००९-१० च्या फोर हिल्समध्ये तो दुसरा आला, आंद्रेआस कोफ्लरच्या मागे. एक पूर्ण सीझन बाहेर बसलेला, ३२ वर्षांचा माणूस, आणि त्याच्याहून लहान ऑस्ट्रियन जंपरांच्या मधोमध उभा! मला विचाराल तर त्याच्या पाच विजेतेपदांइतकंच हे दुसरं येणं मोठं आहे. परत येण्याचा निर्णय चूक होता असं ज्यांना वाटतं त्यांनी हा एक निकाल आधी बाजूला काढून दाखवावा.

मग व्हँकुव्हर ऑलिंपिकमधलं व्हिस्लर, १३ फेब्रुवारी २०१०, नॉर्मल हिल. अमान पहिला, माविश दुसरा, ग्रेगोर श्लिरेनत्साउअर तिसरा. अहोनेन चौथा.

तिसऱ्यांदा चौथा. या वेळी फरक पाच गुणांचा, म्हणजे दोन उड्या मिळून अडीच मीटर. नागानो आणि सॉल्ट लेकसारखा घास हातातोंडाशी येऊन गेला असं इथे म्हणता येणार नाही, या वेळी समोरचे तिघं खरंच पुढे होते. पण बारा वर्षांत, तीन वेगवेगळ्या खंडांवर... नाही, दोनच खंड, आशिया आणि उत्तर अमेरिका, पण हिलचा प्रकार तोच, नंबर तोच.

दुसरा निर्णय, जो लोक विसरतात

नॉर्मल हिलनंतर आठवड्याभराने लार्ज हिल होती. तिथे गुडघा गेला आणि त्याचं ऑलिंपिक तिथेच संपलं. त्यानंतर दोन दिवसांनी टीम इव्हेंट, फिनलंड त्याच्याशिवाय उतरला आणि चौथा आला.

मला हा भाग सगळ्यात जास्त विचार करायला लावतो. आपण सगळे 'वैयक्तिक मेडल, वैयक्तिक मेडल' करत बसलो, पण २००२ आणि २००६ ला मेडल कुठून आलं होतं? टीममधून. २०१० ला ऑस्ट्रिया खूपच पुढे होता, पण ब्राँझ नॉर्वेने घेतलं आणि त्याच्या लगेच मागे फिनलंड. धडधाकट अहोनेन टीममध्ये असता तर काय झालं असतं हे कुणीच छातीठोक सांगू शकत नाही, पण प्रश्न तरी उभा राहतो. गुडघा मुद्दाम कुणी घालवत नाही, ती दुखापत आहे आणि या खेळात ती कुठल्याही उडीत होते. मी त्याला दोष देत नाहीये. फक्त एवढंच म्हणतोय की पस्तिशीकडे झुकलेल्या, प्लानित्सासारखी आपटी खाल्लेल्या शरीराच्या किती उड्या शिल्लक आहेत आणि त्या कुठे खर्च करायच्या, हा हिशेब ऑलिंपिकच्या आधी कागदावर मांडायचा असतो. किती ट्रेनिंग राउंड सोडायचे, कुठल्या इव्हेंटला प्राधान्य, टीम आधी की लार्ज हिल आधी. बाहेरून बघताना असं वाटत राहतं की सगळं वजन एका गोष्टीवर पडलं होतं.

पुढे काय झालं

२०११ मध्ये दुसरी निवृत्ती. २०१३ मध्ये पुन्हा परत, सोची डोळ्यासमोर.

हा तिसरा निर्णय पहिल्या पुनरागमनाबरोबर एकाच टोपलीत टाकतात ते मला पटत नाही. २००९ ला परत आलेला माणूस फोर हिल्समध्ये दुसरा येऊ शकत होता. २०१३ ला परिस्थिती पूर्ण वेगळी होती, मधल्या काळात सूट एकदम अंगाला चिकटतील असे करून टाकले होते, म्हणजे हवेत जी कापडाची मदत मिळायची ती कमी झाली आणि उडी वेगळ्या प्रकारे मारावी लागायला लागली. वाऱ्याचे आणि गेटचे (उडी किती उंचावरून सुरू केली त्याचे) गुण आले होते. वय ३६. सोचीत तो मेडलच्या जवळपास नव्हता.

आणि त्याच सोचीत, लार्ज हिलवर, जपानच्या नोरिआकी कासाईने ४१ व्या वर्षी सिल्व्हर मारलं. त्यामुळे वय झालं म्हणून जमलं नाही हे उत्तर इतकं सरळ नाही. कासाई अहोनेनहून पाच वर्षांनी मोठा. फरक शोधायचा तर एक ठळक दिसतो: कासाई कधी थांबलाच नाही. वाईट सीझन आले, टीममधून बाहेर बसावं लागलं, १९९८ ला घरच्या ऑलिंपिकमध्ये जपानने टीम गोल्ड जिंकलं तेव्हा तो त्या चौघांत नव्हता, तरी तो उडतच राहिला. प्रत्येक नियमबदल त्याच्या अंगावरून गेला. अहोनेनला दोनदा बाहेरून आत येऊन तो बदल पकडायला लागला.

पण अहोनेनने या वेळी सोचीनंतर लगेच सोडलं नाही. उडत राहिला, मागे मागे येत राहिला, पहिल्या तिसात येण्यासाठी झगडायला लागलं तरी राहिला. २०१७ ची वर्ल्ड चॅम्पियनशिप लाहतीला झाली, त्याच तीन जंपच्या खाली. २०१८ ला प्योंगचांगमध्ये सातवं ऑलिंपिक, वय ४०, आणि उद्घाटनाला फिनलंडचा झेंडा त्याच्या हातात. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये थांबला.

हिशेब असा राहिला: ऑलिंपिक टीम सिल्व्हर दोन, वर्ल्ड चॅम्पियनशिपची गोल्ड पाच, वर्ल्ड कपचे ३६ विजय आणि १०८ पोडियम (पहिल्या तिघांत येणं). २००८ नंतर वर्ल्ड कपचा विजय एकही नाही. वैयक्तिक ऑलिंपिक मेडल नाही. आणि फिनलंडला २००६ च्या त्या टीम सिल्व्हरनंतर २०२२ च्या ऑलिंपिकपर्यंत, तेही धरून, स्की जंपिंगमध्ये ऑलिंपिक मेडल मिळालं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

२००८ ची निवृत्ती मी वर बोललोच, ती सुट्टी असायला हवी होती. ज्या माणसाला दोन वर्षांवर हवी ती एकमेव गोष्ट उरलीय आणि जो त्या जानेवारीत जगात भारी आहे, त्याने पूर्ण दार लावायला नको होतं. पण हेही खरं की पंधरा वर्षं सुटकेस घेऊन फिरणाऱ्या, वजनाच्या आकड्यावर जगणाऱ्या माणसाला सुट्टी पुरत नाही, कधीकधी दार लावल्याशिवाय विश्रांती मिळतच नाही. कदाचित ते दार लावलं म्हणूनच २०१० च्या जानेवारीत तो इतका ताजा दिसला. या मुद्द्यावर माझं स्वतःचंच मत दोनदा बदललंय.

फिनलंडच्या स्की फेडरेशनच्या बाजूने बघितलं तर जास्त स्पष्ट दिसतं. चाळिशीतला माणूस टीममध्ये जागा मिळवतोय याचा अर्थ त्याच्याहून चांगली चार पोरं तयार नाहीत. ती काही अहोनेनची चूक नाही, तो जागा अडवून बसला होता असं म्हणणाऱ्यांनी निवडीचे निकाल बघावेत, जागा उड्या मारूनच मिळते. पण २०१३ ला तो परत आला तेव्हा त्याच्याकडून काय हवंय हे आधी ठरवता आलं असतं, अर्धं खेळाडू म्हणून आणि अर्धं ट्रेनिंगला सोबत म्हणून, लिहून, मुदत घालून. तसं काही बाहेर दिसलं नाही.

आणि मेडलचं. मी कितीही वेळा मांडून बघितलं तरी २००९ चा निर्णय मला चूक वाटत नाही. तो मेडलसाठी परत आला आणि मेडल मिळालं नाही म्हणून निर्णय चुकला, असं धरलं तर नागानोत अर्धा मीटर जास्त गेला असता तर तोच निर्णय घ्यावाच लागला नसता. एक गुण, दीड गुण, पाच गुण. पहिल्या दोन वेळी तर दोन-तीन जजनी लँडिंगला अर्धा-अर्धा गुण जास्त दिला असता तरी चित्र वेगळं झालं असतं, आणि लँडिंगला एक पाय पुढे, एक मागे, गुडघे वाकलेले, हात पसरलेले, ते टेलिमार्क म्हणतात ते त्याने लाहतीच्या लहान जंपवर लहानपणापासून हजारो वेळा केलं होतं.